पोराला टेरियर पाहिजे!

मागल्या मे महिन्यात घुग्घुसजवळच्या एका गावी सोयाबीनच्या बियाण्याची उगवणशक्ती घरच्या घरी गोणपाटावर कशी तपासावी, याचे प्रात्यक्षिक होते. ते आटोपून मी फटफटीला किक मारणार, तोच नकोड्याकडचे एक ओळखीचे शेतकरी जवळ आले. त्यांच्या मागे त्यांचा नववीतला मुलगा मान खाली घालून उभा.

"साहेब, बियाण्याचं त समजलं. पन आनखी एक विचारायचं होतं," ते म्हणाले. "ह्या पोट्ट्यानं जीव खाल्ला बाप्पा. ह्याले कुत्रा पाह्यजे. तोबी आपला गावठी नाही, टेरियर पाह्यजे म्हन्ते."

हकिकत अशी, की मुलाच्या शाळेच्या वाटेवर कोळसा खाणीची वसाहत आहे. तेथे एका अधिकाऱ्याच्या घरी पांढऱ्या रंगाचा, कानावर तपकिरी ठिपका असलेला, गुडघ्याएवढाही नसलेला कुत्रा आहे. बस म्हटले की बसतो, थांब म्हटले की थांबतो, चेंडू आणून हातात देतो. मुलाने हे महिनाभर कुंपणाबाहेरून पाहिले आणि घरी येऊन हट्ट धरला. त्याला कुत्रा राखणीसाठी नको होता. त्याला तो शिकवायचा होता. वडिलांना नेमके हेच कोडे पडले होते. "राखनीले पोसला त समजू शकतो. शिकवून त्याले का मॅट्रिकले बसवाचं हाय?"

मी तेव्हा हसून दोन-चार गोष्टी सांगितल्या आणि वेळ मारून नेली. पण घरी येताना मनाला रुखरुख लागून राहिली, कारण या बाबतीत माझ्या स्वतःच्या हातून एक चूक झालेली आहे आणि ती सांगायचे मी टाळले होते. शिवाय हा प्रश्न एका घराचा नाही. घुग्घुस, भद्रावती, राजुरा आणि नदीपलीकडे वणी, या साऱ्या पट्ट्यात गाव कोठे संपते आणि खाणीची वसाहत कोठे सुरू होते, हे आता सांगता येत नाही. वसाहतीतली हौस गावात येणारच. म्हणून आज पिकांचा विषय बाजूला ठेवून कुत्र्याविषयी लिहितो.

ज्यांच्या घरी पूर्वी ग्रामोफोन होता, त्यांना तबकडीवरचे ते चित्र आठवत असेल. कर्ण्यापुढे मान तिरपी करून बसलेला कुत्रा, आणि खाली 'हिज मास्टर्स व्हॉइस', म्हणजे धन्याचा आवाज. हा कुत्रा खरोखरच होऊन गेला. त्याचे नाव निप्पर. इंग्लंडातील ब्रिस्टल शहरी १८८४ साली तो जन्मला, आणि त्याच्या अंगात टेरियरचे रक्त होते. १८९५ मध्ये तो मेला. त्यानंतर फ्रान्सिस बॅरॉड या चित्रकाराने त्याचे चित्र रंगवले आणि १८९९ मध्ये ग्रामोफोन कंपनीने ते विकत घेतले. चित्र पाहून वाटते, काय आज्ञाधारक जनावर आहे! पण निप्पर हे नाव त्याला पडले, ते तो आल्यागेल्याच्या पोटऱ्या धरायचा म्हणून. टेरियर घरी आणू पाहणाऱ्याने ही दोन्ही रूपे डोळ्यांपुढे ठेवावीत.

टेरियर या शब्दाच्या मुळाशी लॅटिन भाषेतला जमीन किंवा माती हा शब्द आहे. कोल्हा, बिज्जूसारखे जनावर आणि उंदीर-घुशी यांच्या मागे बिळात शिरणारा तो टेरियर. इंग्लंड-स्कॉटलंडच्या शेतकऱ्यांनी आणि शिकाऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या निवड करून हे वाण तयार केले. आपण वाणाची निवड करतो तसेच. कपाशीत लांब धाग्याची निवड केली की धागा लांब येतो. टेरियरमध्ये निवड केली ती जिद्दीची, आणि कोणाला न विचारता काम तडीस नेण्याची.

सगळा मुद्दा येथे आहे. मेंढ्या वळणारा कुत्रा दर दहा पावलांना धन्याकडे पाहतो, कारण त्याचे काम धन्याच्या इशाऱ्यावर चालते. टेरियर बिळात शिरला की त्याला धनी दिसत नाही, ऐकूही नीट येत नाही. काळोखात समोर दात विचकणारे जनावर असते, आणि पुढे जायचे की मागे फिरायचे, हे त्याचे त्यानेच ठरवायचे असते. मागे फिरणारे टेरियर शिकाऱ्यांनी वंशासाठी ठेवलेच नाहीत. तेव्हा टेरियर ऐकत नाही म्हणजे तो मठ्ठ आहे असे नव्हे. त्याच्या खापरपणज्यापासून त्याला न ऐकण्याबद्दलच भाकर मिळत आलेली आहे.

स्टॅन्ली कोरेन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९९४ मध्ये कुत्र्यांच्या बुद्धीविषयी एक पुस्तक लिहिले. त्यासाठी त्याने अमेरिका आणि कॅनडातील आज्ञापालन स्पर्धांच्या सुमारे दोनशे परीक्षकांना विचारून जातींचा क्रम लावला. पहिला नंबर आला मेंढ्या वळणाऱ्या बॉर्डर कोलीचा. पहिल्या दहांत एकही टेरियर नाही. शेवटून पहिला आला तो अफगाण हाउंड, नजरेने शिकार धरणारा आणि वाऱ्यासारखा पळणारा. आपल्या मराठवाड्यातले कारवानी आणि पश्मी, किंवा सीमेपलीकडचे मुधोळ, हे याच पळणाऱ्या कुळीचे आहेत. मुधोळ कुत्री २०१६ मध्ये सैन्याने मेरठच्या केंद्रात शिकवण्यासाठी नेली, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण ते काम मुरलेल्या शिक्षकांचे. नववीतल्या मुलाने पहिल्याच खेपेला कारवानी घेतला, तर ससा दिसेपर्यंतच त्याचे गुरुपद टिकेल.

मग हौसेने शिकवण्यासाठी टेरियर घेऊच नये काय? तसेही माझे म्हणणे नाही. टेरियर चलाख असतो, खेळकर असतो, त्याला कंटाळा ठाऊक नसतो, आणि एकदा त्याला गोडी लागली की तो जे करतो ते जीव ओतून करतो. परदेशात ही हौस रीतसर चालते. कुत्र्याने पायाशी पाय लावून चालणे, बसणे, निजणे, धनी दूर गेला तरी जागचे न हलणे, हाकेसरशी येणे, टाकलेली वस्तू आणून देणे, अशा परीक्षा असतात आणि त्यांना गुण असतात. टेरियर पाळणारेही त्यांत उतरतात. फक्त त्यांना धीर जास्त लागतो.

आता जातींविषयी. आपल्याकडे मिळण्यासारखा म्हणजे फॉक्स टेरियर. गुळगुळीत केसांचा आणि तारेसारख्या राठ केसांचा, असे त्याचे दोन प्रकार. उंची सुमारे पंधरा इंच, वजन सात-आठ किलो. आपल्या उन्हाळ्याला गुळगुळीत केसांचा बरा. त्याहून बुटका जॅक रसेल. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात जॉन रसेल नावाचे पाद्री होते, त्यांच्या नावावरून ही जात ओळखली जाते. १८१९ मध्ये ऑक्सफर्डला शिकत असताना त्यांनी एका दूधवाल्याकडून ट्रम्प नावाची कुत्री घेतली आणि तिच्यापासून हा वंश चालला, असे सांगतात. जॅक रसेल म्हणजे पायाला स्प्रिंग लावलेले जनावर. दिवसाकाठी दोन तास त्याला दमवणारे कोणी घरात नसेल तर तो सांदवाडीत विहीर खणील. मी अतिशयोक्ती करीत नाही.

शिकण्याच्या दृष्टीने टेरियरांत बरे समजले जातात ते एअरडेल आणि बॉर्डर टेरियर. एअरडेल हा टेरियरांत सर्वांत थोराड, वीस किलोच्या वरचा. पहिल्या महायुद्धात इंग्रजी फौजेसाठी कर्नल रिचर्डसन यांनी निरोप्याचे काम करणारी कुत्री तयार केली, त्यांत एअरडेल होते. गोळीबारातून चिठ्ठी पोचवणारा कुत्रा आज्ञाधारक नव्हता असे कोण म्हणेल? पण त्याचा कोट दाट आणि राठ. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. पत्र्याच्या पडवीत त्याला ठेवणे म्हणजे जनावराचे हाल आहेत. बॉर्डर टेरियर आपल्याकडे क्वचितच दिसतो. यॉर्कशायर टेरियर आज रेशमी केसांचे खेळणे झाला आहे. मुळात तो गिरण्यांतले उंदीर मारणारा गडी! पण त्या केसांत गोखरू आणि कुसळ अडकले की सोडवता सोडवता दिवस जातो.

बाजारात फसगतही फार होते. पांढरे आणि झुपकेदार दिसले की विकणारा त्याला टेरियर म्हणतो. पॉमेरेनियन टेरियर नव्हे, ल्हासा नव्हे, आणि तिबेटन टेरियर हा तर नावाला टेरियर असूनही त्या कुळीचा नाही. उलट पिटबुलच्या नावात टेरियर आहे म्हणून तो लहानग्यांच्या घरात आणू नये. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने अशा तेवीस जातींविरुद्ध पत्र काढले होते, ते पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने रद्द केले. कायदा काहीही असो, पहिल्यांदा कुत्रा शिकवणाऱ्या पोराचे ते काम नाही. आणखी एक. २०१७ च्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही. महिन्याचे पिल्लू कोणी पिशवीत घालून आणले तर घेऊ नका. आईपासून लवकर तोडलेले पिल्लू चावरे होते. दात किती जोरात लावावा हे त्याला भावंडांत खेळूनच कळते.

इथवर झाली पुस्तकातली माहिती. आता आपल्या मातीची गोष्ट.

इंग्लंडच्या बिळात कोल्हा असतो. आपल्या धुऱ्यावरच्या बिळात नाग असतो, पऱ्हाट्यांच्या ढिगात घोणस असते, वारुळाशी घोरपड असते. टेरियरला यातला फरक कळत नाही. घोरपड, साळींदर, खवल्या मांजर, ससा या साऱ्यांना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे, आणि कुत्रे मागे लावून जनावर पळवणेसुद्धा कायद्याने शिकारच आहे. "कुत्र्यानं धरली, म्या नाही" हे उत्तर वनखाते ऐकून घेत नाही.

दुसरी गोष्ट बिबट्याची. अकोले तालुक्यात, म्हणजे नगर जिल्ह्यातल्या उसाच्या मुलखात, विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेवरून त्यांचे खाणे तपासले. २०१४ मध्ये ते प्रसिद्ध झाले. बिबट्याच्या पोटात गेलेल्या मांसापैकी सर्वांत मोठा वाटा, सुमारे ३९ टक्के, पाळीव कुत्र्यांचा निघाला. शेळ्यांचासुद्धा त्याहून कमी. आपल्या चंद्रपुरात तर बिबट्याच्या जोडीला वाघही आहे. अंगणात खुंट्याला बांधलेला सात किलोचा कुत्रा म्हणजे बिबट्याला वाढलेले ताट. रात्री तो घरात किंवा दार लागणाऱ्या कोठ्यातच हवा.

तिसरी गोष्ट लिहायला नको वाटते, पण लिहिली पाहिजे. रानडुकरांसाठी कुंपणाच्या तारेत चोरून सोडलेला करंट. त्यात डुकरे मरतात, वाघ मरतात, आणि आपली माणसेही मेली आहेत. कुत्र्याला ती तार कोठे दिसणार?

चौथी माझ्या खात्यातली. उंदरांसाठी आपण ब्रोमॅडिओलोनची वडी किंवा झिंक फॉस्फाईडचे आमिष ठेवतो. झिंक फॉस्फाईडचा गोळा कुत्र्याच्या पोटात गेला तर काही तासांत खेळ आटोपतो. ब्रोमॅडिओलोन कपटी असते. विषारी उंदीर खाल्लेला कुत्रा पहिले दोन-तीन दिवस ठणठणीत दिसतो. मग सुस्तावतो, हिरड्या पांढऱ्या पडतात, नाकातून किंवा लघवीतून रक्त येते. त्यावर व्हिटॅमिन के हा उपाय आहे, पण तो वेळेवर झाला तर. ज्या घरात टेरियर आहे त्या घरात एक तर कुत्र्याने उंदीर मारावेत किंवा औषधाने. दोघांना एकाच कोठीत कामाला लावू नका.

आता माझी चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी खाणीतल्या एका ओळखीच्या गृहस्थांची बदली झाली. जाताना ते आपला वर्षभराचा फॉक्स टेरियर मला देऊन गेले. घरात मुले होती, सर्वांना आनंद झाला. नाव त्याचे चिक्कू. मीही हौसेने त्याला शिकवले. तो बसायचा, हात द्यायचा, बिस्किट नाकावर ठेवले तरी मी म्हणेपर्यंत खायचा नाही. पाहुणे आले की आमचा कार्यक्रम ठरलेला. 'ये' मात्र मी त्याला शिकवले असे नुसते वाटत होते. मी 'ये' केव्हा म्हणायचो? फिरणे संपवून साखळी लावायची असली की. अंघोळ घालायची असली की. त्याने चप्पल फाडली आणि रागवायचे असले की. चिक्कू हुशार होता. 'ये' म्हणजे मजा संपली, एवढा अर्थ त्याने बरोबर शिकून घेतला.

डिसेंबरातली सकाळ होती. वावराच्या कडेला पऱ्हाट्यांचा ढीग होता आणि चिक्कू त्यात नाक खुपसून माती उकरीत होता. त्या ढिगातून प्रेशर कुकरच्या शिट्टीसारखा आवाज आला. घोणसाचा तो आवाज मी ओळखला. मी तीनदा ओरडलो, "चिक्कू, ये!" पहिल्या हाकेला त्याने माझ्याकडे पाहिलेही. दोन क्षण पाहिले आणि पुन्हा तोंड आत घातले. दवाखान्यात नेईस्तोवर त्याचे तोंड सुजून दुप्पट झाले होते. संध्याकाळी तो गेला. ते दोन क्षण माझ्या अजून डोळ्यांपुढून जात नाहीत. तो विचार करीत होता, धन्याकडे जावे की नाही, आणि मीच त्याला वर्षभर शिकवले होते की जाण्यात काही अर्थ नाही.

त्यानंतर वर्षभर मी कुत्रा पाळला नाही. मग आठवडी बाजाराच्या वळणावर एका पुलाखाली व्यालेल्या गावठी कुत्रीचे, दोन महिन्यांचे पिल्लू आणले. तिचे नाव पिवळी. तिला मी हात द्यायला शिकवलेले नाही. पहिले सहा महिने फक्त 'ये', 'थांब' आणि 'सोड'.

रीत सांगतो. ती टेरियरला लागू आहे आणि गावठीलाही. सुरुवात घरात करा, चार पावलांवरून. पिल्लाचे नाव घ्या, एकदाच 'ये' म्हणा, आणि ते आले की लगेच तोंडात काही तरी चांगले द्या. भाकरीचा तुकडा चालतो, पण उकडलेल्या कलेजीचा हरभऱ्याएवढा तुकडा असेल तर टेरियरसुद्धा बीळ विसरतो. दिलात की पुन्हा सोडून द्या. हे सोडून देणे महत्त्वाचे आहे. दहा वेळा बोलावले तर नऊ वेळा त्याला परत खेळायला जाऊ द्यावे, म्हणजे 'ये' आणि साखळी यांची गाठ त्याच्या मनात पडत नाही. मग अंगण, मग धुरा. वावरात जाताना दहा मीटरची हलकी दोरी गळ्यातल्या पट्ट्याला बांधा आणि ती जमिनीवर लोळू द्या. हाकेला आला नाही तर दोरी हळूच ओढून आणा, आणि आणल्यावरही तुकडा द्या. मारू नका. आल्यावर मार खाल्लेला कुत्रा दुसऱ्यांदा येत नाही. माणूसही येत नाही.

टेरियरचा धडा तीन ते पाच मिनिटांचा असावा, दिवसातून चार-पाच वेळा. अर्धा तास सलग शिकवू गेलात तर सहाव्या मिनिटाला तो तुम्हाला नाचवू लागतो. त्याला खाण्याइतकीच ओढाताण आवडते. जुन्या धोतराची जाड वेणी करा. ती त्याच्या तोंडात द्या, थोडी झोंबाझोंबी करा, मग हात स्थिर धरून 'सोड' म्हणा. सोडली की तुकडा द्या आणि वेणीही लगेच परत द्या. सोडल्याने खेळ संपत नाही, उलट वाढतो, हे त्याला कळले की एके दिवशी तो तोंडातला विषारी उंदीरही सोडील.

'थांब' शिकवायला रोजचे जेवण पुरते. वाटी खाली ठेवण्याआधी थांब, आधी एक श्वास, मग दोन, मग दहा. दारातून बाहेर पडतानाही थांब. घुग्घुसच्या रस्त्यावर कोळशाचे डंपर कसे धावतात ते मी सांगायला नको.

घरातल्या सर्वांचा शब्द एकच हवा. आमच्याकडे मुलगा म्हणे 'ये', आई म्हणे 'यू यू', शेजारी म्हणत 'कम'. जनावराने काय समजावे? शब्द ठरवून चुलीमागच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवा. आणि पोरांना बजावा, की गंमत म्हणून कोणावरही 'छू' करायचे नाही. ज्या तोंडातून 'छू' जाते त्या तोंडाच्या 'ये'ला किंमत उरत नाही.

आपल्या भागातली एक विशेष अडचण म्हणजे उघड्या खाणीतले ब्लास्टिंग. त्या हादऱ्याने पिल्लू खाटेखाली शिरते आणि भित्रे होऊन बसते. ब्लास्टिंगची वेळ बहुधा ठरलेली असते. त्याच वेळी त्याला जेवण द्या, जवळ बसा, आपण दचकू नका. तीन महिन्यांच्या आत पिल्लाला बंडी, ट्रॅक्टर, कोंबड्या, ढोरे, टोपीवाला माणूस, छत्रीवाली बाई, सगळे दाखवून घ्यावे. त्या वयात पाहिलेल्याची भीती पुढे राहत नाही. उन्हाळ्यात शिकवणे पहाटे पाचला, नाही तर दिवेलागणीला. डांबरावर आपला तळहात ठेवून पाहा, आपल्याला सोसवत नसेल तर त्याच्या पंजालाही सोसवत नाही.

लसीकरणात मात्र हयगय करू नये. सहा ते आठ आठवड्यांच्या वयात डिस्टेंपर आणि पार्व्होची पहिली सुई, मग डॉक्टर सांगतील तशा पुढच्या. तीन महिन्यांचे झाल्यावर रेबीजची सुई, आणि नंतर दर वर्षी. हे केवळ आपल्या कुत्र्यापुरते नाही. २०१८ मध्ये गीरच्या जंगलात वीसहून जास्त सिंह दगावले, त्यांतल्या काहींना कुत्र्यांचाच डिस्टेंपर झाला होता. आपली कुत्री तर थेट वाघाच्या वाटेवर फिरतात. आणि कोणालाही कुत्रा चावला, मग तो घरचा सुई दिलेला असला तरी, जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जावे. हळद, चुना, मिरची काही लावू नये.

तर टेरियर की गावठी? माझे मत असे. घरात एक तरी माणूस रोज सकाळ-संध्याकाळ कुत्र्याला वेळ देणारे असेल, सांदवाडीला पक्के कुंपण असेल, घर धुऱ्यालगत नसून वस्तीत असेल, आणि पशुवैद्यकीय दवाखाना हाकेच्या अंतरावर असेल, तर गुळगुळीत केसांचा फॉक्स टेरियर जरूर घ्यावा. पोर त्याच्यापासून पुष्कळ शिकेल. घर वावरात असेल तर घेऊ नये. तेथे गावठी पिल्लूच बरे. त्याचा कोट आपल्या उन्हाला जुळलेला असतो, अंगावर गोचीड झाले तरी हाताने वेचता येतात, आणि नजर माणसावर असते. गावठी कुत्र्याला अक्कल नसते असे म्हणणाऱ्यांनी त्याला कधी काही शिकवूनच पाहिलेले नसते. पिवळीने मागल्या दिवाळीत ऐन तुरीतून उठलेल्या सशामागची धाव माझ्या एका हाकेवर मोडली. चिक्कूने ती मोडली नसती असे मी म्हणणार नाही. मी त्याला तशी संधीच दिली नव्हती.

नकोड्याच्या त्या मुलाने काय केले? पावसाळा लागताना वसाहतीतल्या त्याच टेरियरची, कोणा गावठी कुत्रीपासून झालेली चार पिल्ले निघाली. त्यांतले एक त्याने आणले. कानावर बापाचा तपकिरी ठिपका, अंग आईसारखे. गेल्या महिन्यात मी त्यांच्या वावरात तुरीवरची शेंग पोखरणारी अळी पाहायला गेलो, तेव्हा मुलाने मला सारे करून दाखवले. धुऱ्याच्या त्या टोकावरून हाक मारली, कुत्रा भुईमुगाची ओळ न तुडवता आला आणि पायाशी बसला.

वडील मात्र थोडे नाराज होते. "साहेब, पोट्ट्याचं आयकते, मायं आयकतच नाही. म्या बलावलं का निस्तं पाह्यते माह्याकडे."

"तुम्ही काय म्हणून बोलावता?"

ते थोडे थांबले. "हाड म्हन्तो न जी. सवय हाय."

मुलाने खिशातून कलेजीचे दोन वाळलेले तुकडे काढून वडिलांच्या हातावर ठेवले.